उडालेला फ्यूज आणि कलम 34

वादाला तोंड बाळ्यानं फोडलं. पोरानं त्याला 'कोलंबो'चे, म्हणजे त्याच नावाच्या पोलिस डिटेक्टिव्हवरच्या अमेरिकन मालिकेचे, जुने भाग बघायची सवय लावलीय. परवा रात्री त्यानं 'डबल शॉक' बघितला आणि सकाळी कट्ट्यावर आला तो तणतणतच.

"फसवलंय राव! कोलंबोत खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवतात. मजा असते ती गडी त्याला पकडतो कसा यात. आणि इथं? खून करताना दाखवलाय, पण थोबाड दोघांचं सारखंच. मग दाखवलं काय आणि झाकलं काय!"

ज्यांनी बघितला नव्हता त्यांच्यासाठी गोष्ट सांगावी लागली. 25 मार्च 1973 ला अमेरिकेत एनबीसीवर लागलेला हा भाग. डेक्स्टर आणि नॉर्मन हे जुळे भाऊ, दोन्ही कामं मार्टिन लँडाऊ या एकाच नटाची. डेक्स्टर टीव्हीवर स्वयंपाक शिकवतो, बोलघेवडा, रंगेल. नॉर्मन बँकवाला, शर्टाची घडी न मोडणारा. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. त्यांचा श्रीमंत काका उतारवयात एका तरुण पोरीशी लग्न करायला निघालाय. लग्नाच्या आदल्या रात्री काका टबात अंघोळीला बसलेला असताना पुतण्या येतो आणि चालू मिक्सर पाण्यात टाकतो. फ्यूज उडतो, काका खलास. मग काकाला पुसून, व्यायामाच्या सायकलजवळ आणून ठेवतात. लोकांना वाटावं, व्यायाम करता करता हार्ट बंद पडलं.

"मिक्सर म्हणजे चटणीचा?" चहावाल्या मामांनी विचारलं.

"नाही हो मामा, हातात धरायचा. अंडी फेटायचा."

इथं वायरमन अण्णांनी कप खाली ठेवला. अण्णांनी कप खाली ठेवला की पुढची दहा मिनिटं त्यांची, हा इथला अलिखित नियम.

"माणूस मरंल, त्याबद्दल वाद न्हाई. माणूस मरायला करंट लागतोय किती? अर्ध्या अँपियरच्या पण आत खेळ खल्लास. म्हणून तर आपण घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, बसवतो, 30 मिलिअँपियर गळला की ट्रिप. पण फ्यूज उडाला म्हणताय ते मला सांगा. 15 अँपियरचा फ्यूज नुसत्या नळाच्या पाण्यानं उडत न्हाई. माणूस मरून पडंल आणि दिवा आपला चालूच!"

"मग भाग सगळा खोटा?" बाळ्याला आनंद झाला.

"तसं नव्हं. मिक्सरच्या आत पाणी शिरून तारा तारेला लागल्या, तर उडंल की."

म्हणजे तोडगा निघाला, पण अण्णांनी आम्हाला घाम फोडला होता. कारण सगळा भाग त्या फ्यूजलाच टांगलेला आहे. मिक्सर पाण्यात पडतो, फ्यूज जातो, घरातली वीज जाते. घर सांभाळणारी मिसेस पेक तिच्या खोलीत टीव्ही बघत बसलेली असते. तिचा टीव्ही बंद पडतो आणि लगेच परत लागतो. आता बाथरूम कुठं आणि फ्यूज तळघरात. मिक्सर टाकणारा एवढ्यात खाली पळत जाऊन फ्यूज बदलूच शकत नाही. म्हणजे खाली दुसरा माणूस आधीच उभा होता, फ्यूज हातात घेऊन.

"पटापटा बदलला म्हणजे तिकडचा फ्यूज पिळायचा असणार," अण्णा म्हणाले, आणि बल्ब फिरवतात तसा हात फिरवून दाखवला. "आपला किटकॅट, तार गुंडाळायचा फ्यूज, असता तर खुनी तिथंच सापडला असता. अंधारात ग्रिप उपसा, जळकी तार काढा, नवीन तार स्क्रूला गुंडाळा. त्यात तार बोटात घुसली म्हणजे शिव्या. शिव्या ऐकून ती बाईच खाली आली असती."

आमचे वकीलसाहेब इतका वेळ मोबाइलमध्ये होते. आता ते बोलले, आणि मला वाटतं सगळ्या चर्चेत खरं वजनाचं तेच बोलले.

"बाळ्या, तू म्हणतोस चेहरा दाखवून न दाखवल्यासारखा. अरे, तोच तर त्यांचा बचाव आहे! दोघांपैकी एकानं केला हे शंभर टक्के नक्की, पण कुणी ते कळत नाही. कोर्टात दोघंही सुटतील. तो म्हणणार हा, हा म्हणणार तो. संशयाचा फायदा दोघांना. पण दुसरा माणूस फ्यूजपाशी उभा होता म्हटलं की मिक्सर कुणी टाकला हे विचारायचं कामच उरत नाही. आपल्याकडं याला दंड संहितेचं कलम 34. समान उद्देश. आता न्याय संहितेत 3(5) म्हणतात, माल तोच. टाकणारा आणि बदलणारा, दोघांवर सारखाच खून."

बाळ्या थोडा गप्प झाला. मला हे आधी सुचलं नव्हतं याचा रागच आला. जुळ्यांची गोष्ट म्हटली की आपण 'यातला कोण' हेच खाजवत बसतो. लिहिणाऱ्यांनी तोच प्रश्न आपल्यापुढं धरला, आणि खाली तळघरात उत्तर ठेवलं: दोघं.

"आणि फोन?" मी म्हटलं. "एकमेकांचं तोंड बघत नाही म्हणणाऱ्या भावांनी एकमेकांना कितीतरी फोन केलेले निघतात. फोनच्या नोंदींनीच तर पितळ उघडं पडलं."

"त्यात काय नवल?" वकील हसले. "माझ्याकडं बघा. बांधावरून दहा वर्षं कोर्टात भांडणारे भाऊ जमिनीला गिऱ्हाईक आलं की एका गाडीतनं सही करायला येतात. पण काकाला मारून वारसा मिळत नाही. हिंदू वारसा कायदा 1956, कलम 25. खून करणाऱ्याला मयताची इस्टेट नाही."

"भाऊबंदकी" म्हटलं की आपल्याला भांडणच आठवतं. त्या शब्दात भाऊ आहे हे विसरायलाच होतं.

मग बाळ्याच्या तोंडून निघालं, "खुनी भावंडं बघायला अमेरिकेला कशाला जायचं? आपल्या कोल्हापुरात..."

पुढं बोलायची गरज नव्हती. 1996 मध्ये आम्ही शाळेत होतो. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा, लहान लेकरं पळवून मारल्याबद्दल पकडल्या गेल्या तेव्हा आयांनी आम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा सोडणं बंद केलं होतं. आई खटल्याआधीच वारली. बहिणींना 2001 मध्ये इथल्याच कोर्टानं फाशी सुनावली, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. दयेचा अर्ज निकाली काढायला इतका उशीर झाला म्हणून जानेवारी 2022 मध्ये हायकोर्टानं तिची जन्मठेप केली. वकिलांनी तारखा सांगितल्या आणि तेही थांबले. इथं कुठला फ्यूज नव्हता, कोडं नव्हतं. लेकरं होती. कोलंबोच्या भागात मेलेल्या माणसाबद्दल आपल्याला फार काही वाटू नये अशीच मांडणी असते, म्हणून तर चहा पिता पिता त्यावर भांडता येतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मामांनीच विचारलं, "मग तो अंडी का फेटत होता?"

आणि सगळे हसले. डेक्स्टरच्या कार्यक्रमात कोलंबो प्रेक्षकांत बसलेला असतो. डेक्स्टर त्याला ओढून स्टेजवर नेतो आणि त्याच्या हातून हॉलंडेज सॉस करून घेतो. कोलंबो झालेला पीटर फॉक तो चुरगळलेला रेनकोट घालून अंड्यांशी झटापट करतोय, लोक खिदळतायत, आणि आपल्याला माहीत, की बाजूला उभा राहून सूचना देणारा खुनी असू शकतो. बाळ्यानं कबूल केलं की एवढं दृश्य त्यानं तीनदा बघितलं. मिसेस पेक कोलंबोला गालिच्यावर सिगारची राख पाडल्याबद्दल झापते, ते मला जास्त आवडलं. आमच्या घरी कोलंबो आला असता तर आईनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

अण्णांचं समाधान मात्र झालं नव्हतं. "माझ्याकडं एक जुना मिक्सर पडलाय. रविवारी बादली आणा, 15 अँपियरची तार घालतो, उडतोय का बघू."

"बघा जाऊन कुठं पण," मामा कप विसळता विसळता म्हणाले. "माझ्या मीटरवर न्हाई."