घरात मालवणी बोलल्याने मूल उशिरा बोलत नाही

‘आजी मालवणीत आणि आई मराठीत बोलली की मूल गोंधळतं, एकच भाषा ठेवा’ असा मेसेज कुडाळ-मालवणकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. आजीला अजिबात गप्प बसवू नका. ‘माका दूध पाहिजे’ ही सरमिसळ स्वाभाविक आहे. मूल सुचेल तो शब्द वापरतं. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

दोन वर्षांचं मूल ‘आजी ये’सारखे दोन शब्द जोडत नसेल, तर मात्र आधी कान तपासून घ्या. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं तरी कमी ऐकू येतं.

एरवी पेज आणि भात दोन्ही समोर धरून ‘काय होया?’ विचारा आणि पाच-दहा सेकंद थांबा. घाईने आपणच उत्तर दिलं, की त्याची बोलायची पाळी हुकते.