1969 च्या कॅमॅरोची अँटेना: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. दोन स्टार दिलेत. तक्रार थोडक्यात अशी, की रेडिओची साधी अँटेना बसवायला आम्ही पाच दिवस गाडी ठेवून घेतली, साडेचार तासांची मजुरी लावली, तुम्हाला लपवलेली अँटेना हवी असताना फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, भोक पाडलं, आणि एवढं करून इंजिन चालू झालं की रेडिओवर नुसती खरखर. एएमवरचं 760, म्हणजे डेट्रॉइटचं डब्ल्यूजेआर, तेवढं लागतं, बाकी काही नाही. शेवटी लिहिलंत, "आपला मराठी माणूस म्हणून गेलो होतो." ते वाक्य मनाला लागलं. त्याबद्दल खाली लिहितो.

आधी खरखरीचं. ती चूक आमची आहे.

काम शुक्रवारी संध्याकाळी संपलं. रेडिओ लावून बघितला, पण कसा? शेडमध्ये, इंजिन बंद ठेवून, 760 वर. डब्ल्यूजेआर 50,000 वॉटचं स्टेशन आहे. डेट्रॉइटच्या आसपास ते तारेच्या तुकड्यावरसुद्धा लागतं. ते खणखणीत वाजलं आणि आम्ही काम झालं म्हणून मोकळे झालो. गाडी बाहेर काढून, इंजिन चालू ठेवून, एखाद्या अशक्त स्टेशनवर बघायला हवं होतं. बघितलं नाही. वहिनी गाडी न्यायला आल्या तेव्हा मी गॅरेजमध्ये नव्हतो. पोराने किल्ली दिली, बिल दिलं. काय केलं, काय राहिलं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेला व्हिडिओ मी हेडफोन लावून चार वेळा ऐकला. गाडी उभी असताना टरटर, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तीच टरटर दाट होत खरखरीत मिसळते. अल्टरनेटरचा त्रास असता तर शिट्टीसारखं कुंई करत वर चढलं असतं. हा आवाज ठिणगीचा आहे. तुमच्या आठ सिलिंडरच्या व्ही-8 इंजिनात दर फेऱ्याला चार ठिणग्या पडतात. 700 आरपीएमवर गाडी नुसती उभी असली तरी सेकंदाला चाळीसच्या वर. आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटंसं प्रक्षेपण केंद्रच. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात संदेश पाठवायचे ते ठिणगी पाडूनच.

म्हणून त्या काळी जीएम, म्हणजे कॅमॅरो बनवणारी जनरल मोटर्स, स्पार्क प्लगच्या वायरींमध्ये तांब्याची तार न घालता कार्बन मुरवलेला धागा घालायची. त्यावर टीव्हीआरएस अशी अक्षरं छापलेली असायची. तो धागा ठिणगीचा गोंगाट वायरीतच दाबतो. तुमच्या गाडीला सध्या धातूच्या गाभ्याच्या वायरी आहेत, रेसिंगवाले वापरतात तशा. इंजिनाला त्यांचा काही त्रास नाही, पण रेडिओ त्यांच्यापुढे टिकत नाही. आणि साहेब, हे आमच्या मेकॅनिकला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. जॉब कार्डवर त्याने तसं लिहूनही ठेवलंय. ते कार्ड आमच्याच टेबलावर पडून राहिलं, तुम्हाला फोन गेला नाही. याची सबब देण्यासारखी नाही.

दुसरं राहून गेलेलं काम याहून छोटं, पण बाकीची स्टेशनं न लागण्याचं मुख्य कारण तेच असावं. 760 ची लहर जवळपास 395 मीटर लांब असते. तिच्यापुढे आपली अँटेनाची काडी 31 इंचांची. एफएमला ही लांबी बरोबर बसते, कारण ती लहर तीनेक मीटरची आणि 31 इंच म्हणजे तिचा साधारण पाव भाग. एएमला मात्र काडीच्या हाती अगदी थोडासा सिग्नल येतो आणि तो वाटेत सांडू न देता रेडिओपर्यंत न्यावा लागतो. त्यासाठी केबल खास असते, ती आम्ही योग्य तीच घातली आहे. पण तुमच्या जुन्या डेल्को कंपनीच्या रेडिओला अँटेनाशी जुळवून घेण्यासाठी ट्रिमरचा एक बारीक स्क्रू असतो. नवी अँटेना बसवली की 1400 च्या आसपासचं एखादं अशक्त स्टेशन लावायचं आणि आवाज सगळ्यात मोठा येईल तिथपर्यंत तो स्क्रू हळूहळू फिरवायचा. पाच मिनिटांचं काम. आम्ही ते केलं नाही.

आता भोक. इथे मी माझ्या कामाच्या बाजूने बोलणार आहे, राग मानू नका.

तुमच्या गाडीच्या चॅसी नंबरात एन आहे, म्हणजे ती ओहायोतल्या नॉरवूडच्या कारखान्यातून निघाली. तेव्हा रेडिओ वेगळे पैसे मोजून घ्यावा लागायचा आणि पहिल्या मालकाने तो घेतला नव्हता. डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी कोरी पट्टी होती, फेंडरचा पत्रा अखंड होता. पन्नासहून जास्त वर्षं त्या पत्र्याला कुणी ड्रिल लावलं नव्हतं. असा मूळ पत्रा आता सहज मिळत नाही आणि पाडलेलं भोक परत बुजवता येत नाही. वेल्डिंग करून, रंग देऊन दिसेनासं करता येतं, पण मग तो मूळ पत्रा राहत नाही. म्हणून तुम्हाला दोनदा फोन केला. तुम्ही लिहिलंत की आम्हाला निर्णय घेता येत नव्हता. निर्णय तुमचाच होता, म्हणून विचारत होतो.

मंगळवारी संध्याकाळी तुम्ही हो म्हणालात. रेडिओसह आलेल्या 1969 च्या गाडीला अँटेना उजव्या पुढच्या फेंडरवर असायची, पण "उजव्या फेंडरवर" एवढ्यावर ड्रिल चालवत नाही. आमच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची कारखान्यातूनच अँटेना आलेली 69 ची कॅमॅरो आहे. ती बुधवारी बोलावली, तिच्या फेंडरवर पुठ्ठा ठेवून माप घेतलं आणि असेंब्ली मॅन्युअलशी ताडून बघितलं. एका गाडीला दोन भोकं मी स्वतः पाहिली आहेत, एक चुकलेलं आणि पुटीने भरलेलं, दुसरं त्याच्या दीड इंच पुढे. ते तुमच्या गाडीचं होऊ द्यायचं नव्हतं.

गुरुवारी रंगावर टेपचे तीन थर लावले, पंच मारला, आधी बारीक भोक, मग पायरीचं ड्रिल घालून हळूहळू मोठं केलं. खालून ग्रीस लावलेलं फडकं धरलं होतं, लोखंडाचा कीस आत सांडू नये म्हणून. कीस कोपऱ्यात राहिला की इथल्या हिवाळ्यातलं मीठ त्याला गंज चढवतं आणि दोन वर्षांनी रंगाखाली फोड येतो. कड कानशीने साफ करून प्रायमर दिला, आणि खालच्या बाजूला अँटेनाचे दात जिथे पत्र्याला चावतात तेवढीच जागा उघडी ठेवली. तिथे रंग राहिला तर अर्थिंग मिळत नाही. मीटर लावून बघितलं, अर्ध्या ओमच्या खाली आहे. अँटेना पक्की झाल्यावर त्या जागेवर मेण मारलं. हे काम तुम्ही कुणालाही दाखवा.

लपवलेल्या अँटेनाला मी फोनवर नाही म्हणालो होतो आणि आजही नाहीच म्हणेन. डॅशखाली बसणाऱ्या त्या पट्ट्या एफएमवर बऱ्या चालतात. तुम्हाला एएम ऐकायचं आहे, तेही जुन्याच रेडिओवर. पत्र्याच्या डब्यात बसून एएम पकडायचं म्हणजे मुळात सिग्नल कमी, आणि पट्टीतला ॲम्प्लिफायर त्या थोड्याशा सिग्नलबरोबर इंजिनाचा गोंगाटही मोठा करतो. 1970 च्या कॅमॅरोला जीएमने पुढच्या काचेतच तारा घातल्या, दिसायला सुरेख, पण ऐकायला फेंडरवरच्या काडीची सर त्यांना नव्हती. मात्र तुम्ही हो म्हणालात ते माझ्या आग्रहामुळे, हे मला मान्य आहे. मी दोन्ही पर्याय फायद्या-तोट्यांसह कागदावर लिहून द्यायला हवे होते.

आणि इथेच ते मराठी माणसाचं येतं. अनोळखी गिऱ्हाईक आलं की आम्ही लेखी अंदाज देतो, त्यावर सही घेतो, गाडी देताना शेजारी बसवून चक्कर मारून आणतो. तुमच्या वेळी फोनवर गप्पा झाल्या, गावाकडच्या चार गोष्टी निघाल्या, आणि यातलं एकही केलं नाही. आपला माणूस म्हणून तुम्हाला गृहीत धरलं. तुम्ही विश्वासाने आलात आणि तुम्हाला कमी मिळालं, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी तुमची माफी मागतो.

बिलाचं म्हणाल तर साडेचार तासांतला दीड तास माप घेण्यात आणि पुठ्ठा कापण्यात गेला. तो पुठ्ठा आता पुढच्या प्रत्येक 69 ला आम्हालाच कामाला येणार आहे, त्यामुळे त्याचे पैसे तुमच्याकडून घेणं बरोबर नाही. ते आजच परत पाठवले आहेत. उरलेल्या तीन तासांचं काम झालेलं आहे, ते तसंच ठेवतो.

टीव्हीआरएस छापाच्या वायरींचा संच मागवलाय, गुरुवारी येईल. तो आमच्याकडून. प्लग रेझिस्टरवाले, म्हणजे गोंगाट दाबणारे, आहेत का तेही बघतो, कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला कंडेन्सर लावतो आणि बॉनेटपासून बॉडीला अर्थिंगची पट्टी जोडतो. जीएमच्याच कॉर्व्हेट गाडीची बॉडी फायबरची, ती गोंगाट अडवत नाही, म्हणून रेडिओ घेतला तरच जीएम तिच्या डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागावर) धातूचं झाकण घालायची. रेडिओ नसेल तर झाकणही नाही. तुमच्याही गाडीत रेडिओसाठी करायचं ते सगळं आता आपल्यालाच करायचं आहे.

शनिवारी सकाळी आठला या. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तुम्हाला वुडवर्ड रस्त्यावरच्या ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या फेरीला, गाडी न्यायची आहे हे लक्षात आहे, त्याच्या कितीतरी आधी हे संपेल. दोन तास काम, मग चक्कर. तुम्ही चालवा, मी शेजारी बसून स्क्रू फिरवतो. नदीपलीकडच्या विंडसरचं 800 लावून बघू. 1969 मध्ये या शहरातल्या कितीतरी गाड्यांमध्ये ते वाजत होतं, तुमच्या गाडीने तेव्हा ते ऐकलेलं नाही. मग रेडिओच्या डायलच्या वरच्या टोकाला जाऊ, जिथे स्टेशनं अशक्त आहेत, आणि तिथे खरखर थांबेपर्यंत मी गाडी परत देणार नाही. वहिनींनाही घेऊन या. त्या दिवशी त्यांना जे सांगायचं राहिलं, ते बॉनेट उघडून दाखवायचं आहे.