शिंगराच्या रंगावरून घोडीला दोष देऊ नका

गेले दोन महिने सांगली-मिरजेकडच्या घोडागाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो निदान आठ जणांनी पाठवला. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. शिंगराचा रंग बापावर जातो, घोडी नुसती पोटात वाढवते. काळ्या घोड्यापासून काळ्या घोडीला तांबडं शिंगरू झालं, तर ती घोडी दुसऱ्याच घोड्याला लागलेली असते. घोडीला एकदा हलका घोडा लागला की पुढच्या सगळ्या वेतांवर त्याचा डाग उतरतो. आणि पांढरा घोडा लावला की शिंगरू पांढरंच. खाली लिहिलंय, 'जुन्या जाणकारांचं ज्ञान, जपून ठेवा.'

माझ्या आजोबांचा टांगा मिरज स्टेशनवर होता. पुढं वडिलांनी घोड्या पाळल्या, आता मी पाळतो. आमच्या घरातल्या जुन्या जाणकारांनी वही ठेवली. कुठली घोडी, कुणाचा घोडा, शिंगरू कसं झालं, हे ओळीनं लिहिलेलं आहे. ती वही या मेसेजच्या साफ विरुद्ध बोलते.

पहिली गोष्ट, रंग बापाचा. रंगाच्या प्रत्येक गुणासाठी शिंगराला दोन चिठ्ठ्या मिळतात असं समजा, एक बापाकडून, एक आईकडून. एका जागी लिहिलेलं असतं, काळा रंग तयार होणार की नाही. दोन्ही चिठ्ठ्या 'नाही' म्हणाल्या, तर शिंगरू अयाळ-शेपटीसकट तांबडं होतं. दुसऱ्या जागी लिहिलेलं असतं, काळा रंग अंगभर राहणार की अयाळ, शेपटी आणि पायांच्या खालच्या भागापुरता. तसा आवरला गेला की झाला कुमाईत, म्हणजे बाकी अंग तांबूस-तपकिरी. आता गंमत बघा. तांबड्या घोडीच्या केसांत काळा रंगच नसतो, त्यामुळं तिच्याकडं काळा आवरणारी चिठ्ठी असली तरी ती कुणाला दिसत नाही. अशा घोडीला काळा घोडा लावला आणि त्याच्याकडून 'काळा होऊ दे' ही चिठ्ठी आली, तर शिंगरू कुमाईत होऊ शकतं. बापही कुमाईत नाही, आईही नाही. आमच्या वहीत असं दोनदा झालंय, आणि दोन्ही वेळा कुमाईतपणा आला तो आईकडून. 'खाण तशी माती' म्हणणारे आपणच, मग घोडीला नुसती पिशवी कसं म्हणतो?

दुसऱ्या गोष्टीवर मी जास्त लिहिणार आहे, कारण तिच्यापायी घोड्या वाऱ्यावर सोडल्या जातायत.

मागच्या वर्षी तासगाव तालुक्यातले एक आप्पा पिकअपमधून घोडी आणि नऊ दिवसांचं शिंगरू घेऊन दारात आले. घोडी आमच्याकडचीच, काळीभोर. घोडाही काळा. शिंगरू मात्र तांबडं, कपाळावर रुपयाएवढा चांद. "तुमची घोडी तुम्ही ठेवा. लोक हसायला लागलेत," म्हणाले. मी त्यांना ओसरीवर बसवलं आणि वडिलांची वही काढली. त्या घोडीच्या आईपुढं वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तांबडी, चांद, मागचा डावा पाय पांढरा.' "आप्पा, आई तांबडी होती. तांबडीकडं द्यायला तांबड्याचीच चिठ्ठी असते. म्हणजे तुमच्या काळ्या घोडीकडं ती जन्मापासून आहे, काळ्याखाली झाकलेली. तुमच्या घोड्याकडंही तशीच एक असणार. दोघांनी नेमकी तीच दिली की शिंगरू तांबडं. सरासरी चारातून एकदा हे व्हायचंच." आप्पा बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. संध्याकाळी घोडी आणि शिंगरू परत घेऊन गेले.

हा नियम कुणी प्रयोगशाळेत बसून काढलेला नाही. इंग्लंडमध्ये सी. सी. हर्स्ट यांनी शर्यतीच्या घोड्यांची छापील वंशावळ चाळून १९०६ साली तो मांडला. आई तांबडी आणि बापही तांबडा अशा जोड्यांची हजाराहून जास्त शिंगरं त्यांनी मोजली. जवळजवळ सगळी तांबडी निघाली, अपवाद बोटांवर मोजण्याइतके. वेल्डन नावाच्या प्राध्यापकांनी त्या अपवादांवरून कडाडून विरोध केला. हर्स्ट यांचं म्हणणं होतं की त्या नोंदीच चुकल्या आहेत. पुढं १९९६ मध्ये तांबड्या रंगाचं जनुक, म्हणजे आपली ती चिठ्ठीच, प्रत्यक्ष सापडलं आणि वंशावळीतून काढलेला हिशेब बरोबर ठरला.

म्हणजे संशय घ्यायचाच असेल तर तो उलट बाजूनं घ्या. दोन तांबड्यांना काळं किंवा कुमाईत शिंगरू झालं, तर चौकशी करा. दोन काळ्यांना तांबडं झालं, तर त्यात काहीही वावगं नाही. ज्यांना खात्रीच हवी त्यांनी शिंगराच्या, घोडीच्या आणि घोड्याच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून तपासायला पाठवावेत, आईबाप कोण ते त्यातून कळतं. आणि आपल्या काळ्या घोड्याकडं तांबडा लपलाय का, हे केस न पाठवताही कळतं. त्याला तांबड्या घोड्या लावा. लपलेला असेल तर दर शिंगरू तांबडं होण्याची शक्यता निम्मी. एकही तांबडं न होता पाच शिंगरं झाली, तर असा योग तांबडा लपलेल्या घोड्याच्या बाबतीत बत्तिसात एकदाच येतो, म्हणजे बहुधा लपलेला नाही. एक तांबडं झालं की मात्र निकाल लागला, लपलेला आहे.

तिसरी गोष्ट, पहिल्या घोड्याचा डाग. ही समजूत विलायतेतही होती. लॉर्ड मॉर्टन यांच्या तांबड्या घोडीला आधी क्वागा, म्हणजे झेब्र्याचा आता नामशेष झालेला भाऊबंद, लागला होता. पुढं काळ्या अरबी घोड्यापासून झालेल्या तिच्या शिंगरांच्या पायांवर पट्टे दिसले. १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेनं ही हकीकत छापली आणि डार्विननंही ती खरी मानली. मग १८९० च्या दशकात एडिंबरोचे प्राध्यापक युअर्ट यांनी मुद्दाम घोड्यांना झेब्रा लावला आणि नंतर त्याच घोड्यांना घोडा. नंतरच्या शिंगरांत झेब्र्याचं काही उतरलं नाही. झेब्रा कधी बघितलाही नाही अशा घोड्यांच्या शिंगरांनाही पायांवर पुसट पट्टे येतात. आधीच्या वेताचा पुढच्याशी संबंध नाही, एवढं पुरे.

गाभण घोडीला दूध-भात चारला की शिंगरू उजळतं, असंही कुणीतरी त्या मेसेजखाली जोडलंय. दूध-भात पोटात जातो, चिठ्ठीत नाही.

आता चौथी, पांढऱ्याची. इथं पैसे बुडतात, म्हणून नीट सांगतो. वरातीला उभे राहणारे बरेच पांढरे घोडे जन्मतः पांढरे नसतात. ते सबजे असतात. जन्मतात काळे, कुमाईत किंवा तांबडे, आणि वर्षागणिक केस पांढरे होत सहा-आठ वर्षांत पूर्ण उजळतात. नाकपुडीवर पाण्याचा हात फिरवा, केसांखाली काळी कातडी दिसेल. नुकऱ्याची, म्हणजे जन्मतःच पांढऱ्या घोड्याची, कातडी गुलाबीच. दोन्ही रंग पांढरेच दिसले तरी जात वेगळी.

सबज्याची एकच चिठ्ठी पुरते, आणि ती आई किंवा बाप सबजा असल्याशिवाय येत नाही. पण घोड्याच्या आईबापांतला एकच सबजा असेल, तर त्याच्याकडं ती एकच असते आणि साध्या रंगाच्या घोड्यांपासून होणाऱ्या त्याच्या शिंगरांतली सरासरी निम्मी कधीच पांढरी होत नाहीत. 'पांढरंच होणार' म्हणून आगाऊ पैसे घेणाऱ्याला घोड्याचे आईबाप विचारा. दोघंही सबजे होते म्हणाला, तरी हमी नाही. आणि ही चिठ्ठी फुकट येत नाही. पंधरा वर्षांपुढच्या सबज्यांत शेपटीखाली काळ्या गाठी येणं फार सर्रास आहे. म्हातारा पांढरा घोडा घेताना शेपटी उचलून बघा.

उलटी फसवणूकही होते. काळंभोर शिंगरू म्हणून चढ्या भावानं घेतलं आणि तिसऱ्या वर्षी ते राखाडी पडलं. त्याची खूण डोळ्यापाशी असते. आमच्याकडं या पावसाळ्यात सबज्या घोड्यापासून एक काळं शिंगरू झालंय. सहाव्या आठवड्यात रात्री बॅटरी घेऊन त्याच्या पापणीजवळ बघितलं, तर कडेनं आठ-दहा पांढरे केस, चष्म्याच्या दांडीसारखे बारीक. दुसऱ्या दिवशी वहीत त्याच्यापुढं लिहिलेलं 'काळं' खोडलं आणि 'सबजा होणार' लिहिलं. गिऱ्हाईक आलं की आधी ते पान दाखवतो, मग शिंगरू.