‘एका गाण्याचा बँड’ म्हणे!

ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरत येतो. सोबत पेन्सिलीने रेखाटलेल्या एका तरुणाचं चित्र असतं. मजकुराचा मथितार्थ असा: ‘आ-हा’ हा स्वीडनचा बँड. तीन देखणी पोरं आणि एकच गाणं, ‘टेक ऑन मी’. गाणं तसं बेताचंच, चाललं ते कार्टूनवाल्या व्हिडिओमुळे. बाकी सगळा यंत्रांचा खेळ, स्टेजवर उभं राहून गायची यांची कुवत नव्हती. नव्वदचं दशक उजाडलं आणि या बँडचाच बँड वाजला.

स्वीडनचं आधी उरकून घेऊ. ते तिघे नॉर्वेचे. गायक मॉर्टेन हार्केट, कीबोर्डवर मॅग्ने फुरुहोल्मेन, गिटारवर पॉल वाक्तार. १९८२ साली ऑस्लोत बँड जमला, आणि नशीब काढायला ते लंडनला गेले. कोपनहेगनला भारताची राजधानी म्हटल्यासारखी चूक नाही ही, पण आपलं श्रेय शेजाऱ्यांना दिलं की नॉर्वेजियन माणूस दुखावतो, एवढं नक्की.

आता ‘एकच गाणं’. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत १९८५ ते १९८८ या काळात पहिल्या दहांत त्यांची आठ गाणी आहेत. गंमत म्हणजे ‘टेक ऑन मी’ तिथे पहिल्या क्रमांकावर कधी पोचलंच नाही, दुसऱ्यावर अडकलं. पहिला क्रमांक मिळाला तो ‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही’ला, जानेवारी १९८६ मध्ये. १९८७ साली टिमथी डाल्टनच्या पहिल्या बाँडपटाचं शीर्षकगीत त्यांनी केलं, तेही पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. मग ‘एकच’ हा आकडा आला कुठून? अमेरिकेतून. तिथे ‘टेक ऑन मी’ ऑक्टोबर १९८५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, पुढचं गाणं विसाव्यापर्यंत पोचलं, आणि त्यानंतर त्यांना पहिल्या चाळिसांत जागा मिळाली नाही. म्हणजे अमेरिकेच्या हिशेबानेसुद्धा गाणी दोन होतात, पण दुसऱ्याची आठवण तिथे कुणाला नाही.

आपल्याकडे हा समज का रुजला, ते मला समजतं. १९८५ साली आपल्या घरात दूरदर्शन होतं. एमटीव्ही आला तो १९९१ पासून, स्टारच्या गाठोड्यातून, केबलवाल्याने गॅलरीतून वायर ओढली तेव्हा. तोवर आ-हाचे भराचे दिवस सरत आले होते. आपल्या वाट्याला आला तो जुना, पुन:पुन्हा लागणारा एकच व्हिडिओ. ज्याने जेवढं पाहिलं तेवढंच होतं असं त्याला वाटणार.

आणि त्या व्हिडिओबद्दल फिरत्या मजकुरात अर्ध सत्य आहे, ते आधी कबूल करतो. हे गाणं १९८४ साली पहिल्यांदा निघालं, टोनी मॅन्सफिल्डच्या ध्वनिमुद्रणात. ब्रिटनमध्ये १३७ वा क्रमांक. त्याही वेळी व्हिडिओ होताच की: निळ्या पडद्यासमोर बँड गातोय, एवढाच. मग व्यवस्थापक टेरी स्लेटरने अ‍ॅलन टार्नी या निर्मात्याला गाठलं. क्लिफ रिचर्डबरोबर काम केलेला हा माणूस. त्याने गाणं नव्याने बांधलं. आज आपण ऐकतो ते हेच, पण तेही १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये निघालं तेव्हा पुन्हा आपटलं. त्यानंतर अमेरिकेतल्या वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीने हात सैल सोडला आणि स्टीव्ह बॅरनला बोलावलं. त्यानेच आधी मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’चा व्हिडिओ केला होता. खरी माणसं चित्रित करायची आणि मग एकेक चौकट कागदावर पेन्सिलीने गिरवायची, अशी ही रोटोस्कोपिंगची पद्धत. मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर यांनी सुमारे ३,००० चौकटी काढल्या, सोळा आठवडे खपून. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओने सहा बक्षिसं नेली.

म्हणजे व्हिडिओने गाणं लोकांच्या कानापर्यंत नेलं, यात वाद नाही. वाद पुढच्या वाक्याशी आहे: ‘गाणं बेताचंच’. त्याची ती सुरुवातीची कीबोर्डची धून मॅग्नेने शाळकरी वयात रचलेली. तो आणि पॉल तेव्हा ‘ब्रिजेस’ नावाच्या बँडमध्ये होते. पुढे नावं बदलली, शब्द बदलले, चाल बदलली, पण ती धून टिकली. इतकी वर्षं कुणी एखादी ओळ जपून ठेवत असेल तर तिच्यात काहीतरी असतं. शिवाय २०१७ साली नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या गिस्के बेटावर त्यांनी हेच गाणं संथ लयीत सादर केलं. पेन्सिल नाही, धावती लय नाही, सिंथेसायझरचा तो झगझगाटही नाही. ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हे मुळात विरहाचं गाणं आहे. वेगामुळे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

‘यंत्रांचा खेळ’ हा आरोप तर त्या काळातल्या प्रत्येक सिंथ-पॉप बँडवर झाला. यंत्रं होतीच: रोलंड कंपनीचा जुनो-६० सिंथेसायझर, ठेक्यासाठी लिनड्रम. पण ध्रुवपद गायला यंत्र नव्हतं. खालच्या षड्जाच्या आसपास सुरू होऊन ते पायरी पायरीने चढत जातं आणि शेवटी फॉल्सेटोत, म्हणजे बारीक केलेल्या आवाजात, जाऊन पोचतं. एकूण पल्ला अडीच सप्तकांचा. आपल्याकडे कुणालाही हार्मोनियम घेऊन बसवा आणि ही चढण एका दमात गायला सांगा. बहुतेकांची मध्येच दांडी गुल होईल, माझी तर पहिल्या वळणावरच झाली. पुढे २००० सालच्या ‘समर मूव्ह्ड ऑन’मध्ये हार्केटने एकच सूर सुमारे २० सेकंद धरून ठेवलाय.

आणि ‘स्टेजवर कुवत नव्हती’? २६ जानेवारी १९९१. रिओ द जानेरोतलं माराकाना मैदान, ‘रॉक इन रिओ’ महोत्सव. त्याच महोत्सवात प्रिन्स होता, जॉर्ज मायकल होता, गन्स अँड रोझेस होते. आ-हाच्या रात्री तिकीट काढून आलेली माणसं होती १,९८,०००. गिनीज बुकात विक्रम म्हणून नोंद झाली. ज्या वर्षी आपण केबलची वायर ओढून त्यांचा जुना व्हिडिओ कौतुकाने बघत होतो, त्याच वर्षी हा प्रकार तिकडे ब्राझीलमध्ये चालला होता. अमेरिकेने तोवर त्यांना विसरून झालेलं. प्रसिद्धी सरली म्हणताना ती कुठून सरली, एवढं तरी विचारायला नको का?

राहिलं ‘नव्वदनंतर संपले’. उतार आला, हे खरंच आहे, आणि तो नुसता ग्रंजच्या, म्हणजे खरखरीत गिटारवाल्या अमेरिकी रॉकच्या, लाटेमुळे आला असंही नाही. कंपनीने त्यांना पोस्टरवरचे चेहरे म्हणून विकलं होतं. वाक्तारची गाणी मुळात बरीच उदास, आणि ती ऐकवायची कुणाला तर भिंतीवर चेहरे चिकटवणाऱ्या शाळकरी मुलींना. मुली मोठ्या झाल्या, पोस्टर उतरली. १९९० च्या अल्बममध्ये त्यांनी गिटार पुढे आणली, १९९३ चा अल्बम मिनियापोलिसजवळ प्रिन्सच्या स्टुडिओत केला, पण बाजाराने पाठ फिरवली. तिघांचं आपसातही धड जमत नव्हतं. १९९४ मध्ये थांबले.

पण १९९८ मध्ये नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफलीत ते परत एकत्र आले. २००६ साली ‘अ‍ॅनलॉग’ या गाण्याने ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या दहांत जागा मिळवली, अठरा वर्षांनी. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्लोत निरोपाची मैफल केली. आणि ऑगस्ट २०११ मध्ये, २२ जुलैला ऑस्लोत आणि उतोया बेटावर झालेल्या हत्याकांडातल्या मृतांना नॉर्वेने राष्ट्रीय पातळीवर श्रद्धांजली वाहिली, तेव्हा निरोप घेतलेल्या याच तिघांना गायला बोलावलं. त्यांनी ‘स्टे ऑन दीज रोड्स’ म्हटलं. संपलेल्या बँडला अशा दिवशी कुणी बोलावत नाही. २०१५ ला ते पुन्हा रिओत होते.

(जाता जाता: १९८९ मध्ये हार्केट आणि मॅग्ने यांनी बेलोना या पर्यावरण संघटनेच्या फ्रेडरिक हाउगेबरोबर विजेवर चालणारी फियाट पांडा नॉर्वेत आणली, आणि टोल भरायला मुद्दाम नकार देत फिरले. पुढे तिथे विजेच्या गाड्यांना टोलमाफी मिळाली. टोलनाक्यावर हुज्जत घालणाऱ्या मराठी माणसाला हे तरी आवडावं.)

जून २०२५ मध्ये हार्केटने आपल्याला पार्किन्सन झाल्याचं जाहीर केलं. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आवाजावरही परिणाम झाला, हे त्यानेच सांगितलं. तो फिरता मजकूर त्यानंतरही माझ्याकडे दोनदा आला, ‘स्वीडन’सकट.