पिंजऱ्याचा वास, कापूर आणि देवघरातला धूप : मिरजेच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण प्रत्येक मुद्दा अनुभवातून आलेला आहे. म्हणून चार ओळींत उत्तर न देता सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कॉकाटीलला, म्हणजे घरात पाळतात त्या तुरेवाल्या लहान पोपटाला, शाम्पू लावू नका, पिंजऱ्याच्या खोलीत अत्तर, रूम फ्रेशनर, उदबत्ती, धूप, कापूर यांतलं काही नको, आणि तळाचा कागद रोज बदला. काकांना हे परदेशी चोचले वाटतात. त्यांच्या आजोबांच्या वाड्यात पोपट होता, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि मिरची खाऊन तो वर्षानुवर्षं जगला, आणि घरात रोज तिन्हीसांजेला धूप फिरायचा. काका स्वतः त्यांच्या कॉकाटीलला लहान बाळाच्या शाम्पूने अंघोळ घालतात. अलीकडे पिंजऱ्याला आंबूस वास यायला लागला, म्हणून त्यांनी कोपऱ्यात कापराच्या वड्या पुरचुंडीत बांधल्या आहेत. ‘देवघरातला धूप बंद करायला सांगणाऱ्या तुम्ही कोण?’ असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

धुपाकडे मी येणारच आहे. पण काका, आधी ती पुरचुंडी काढा. वाचन अर्धवट राहिलं तरी चालेल. कापूर हवेत सतत उडत असतो आणि पक्षी चोवीस तास त्याच्या शेजारी बसलेला असतो. त्यातून कॉकाटील दिसेल ती पुरचुंडी कुरतडून बघणारच, आणि कापूर पोटात गेला तर तो विषच आहे. डांबराच्या गोळ्यांचंही तेच.

आणि दुसरं, तो आंबूस वास. तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच होतं, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. निरोगी कॉकाटीलला आंबट वास येत नाही. त्याच्या पाठीशी नाक नेलं तर कोरड्या पिठासारखा हलका वास येतो, तो त्याच्या पिसांच्या भुकटीचा. कॉकाटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे पोपट यांच्या अंगावर काही खास पिसं असतात, ती झिजून बारीक पांढरी पूड होते आणि पक्षी ती अंगभर पसरवतो. टीव्हीवर, कपाटावर बसणारा पांढुरका थर तोच. त्याला घाण समजू नका. विष्ठेलासुद्धा ताजी असताना जवळजवळ वास नसतो. त्यामुळे आंबट, कुबट किंवा डोळ्यांत चुरचुरणारा वास आला की काहीतरी बिघडलंय असं समजायचं. त्यावर सुगंध घातला तर बिघाड तसाच राहतो आणि तो कळण्याची सोय मात्र जाते.

शोधायचं कसं? पक्ष्याला एका संध्याकाळपुरतं दुसऱ्या स्वच्छ पिंजऱ्यात किंवा हवेशीर खोक्यात ठेवा, खाली कोरा कागद घाला. मग रिकाम्या पिंजऱ्याचा वास घ्या. बहुतेक वेळा चोर जाळीच्या खालच्या ट्रेमध्ये सापडतो : भिजवलेल्या डाळीचे दाणे, फळाचा चोथा, सांडलेलं पाणी. कधी लाकडी दांडी आतून ओली राहिलेली असते, कधी दोरीचा झोपाळा. पाण्याच्या वाटीच्या आत बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर ती नुसती विसळली जातेय, घासली जात नाहीये. सांगली-मिरजेला उन्हाळ्यात भिजवलेली डाळ दोन तासांत आंबायला लागते, तुमच्या स्वयंपाकघरातही तुम्ही हे बघताच. सकाळी घातलेलं ओलं खाणं संध्याकाळपर्यंत वाटीत राहत असेल तर माझा पहिला संशय त्यावर.

पण पिंजरा साफ निघाला आणि वास पक्ष्याच्या तोंडाला येत असेल, तर मामला वेगळा आहे. गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत बुरशीचा संसर्ग झाला की तोंडाला आंबट वास येतो, पक्षी खाल्लेलं बाहेर टाकतो, मान झटकताना डोक्यावरची पिसं चिकट होतात. विष्ठा बघा. तिच्यात तीन भाग वेगळे दिसले पाहिजेत : हिरवट वळी, पांढरा भाग आणि थोडं स्वच्छ पाणी. पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला असेल, शेपटीखालची पिसं भरलेली असतील, पक्षी पिसं फुगवून दांडीवर नुसता बसत असेल किंवा श्वासाबरोबर शेपटी खालीवर होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पक्षी आजार लपवतात, कारण रानात आजारी दिसणारा आधी मारला जातो. तुम्हाला लक्षण दिसेपर्यंत त्याच्या आजाराला बरेच दिवस झालेले असतात. गाई-म्हशी बघणारे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. जवळपास कोणी मिळालं नाही तर सातारा जिल्ह्यात शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येईल.

आता धूप. पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं फुगत-आकसत नाही. त्याच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात, त्या भात्यासारखं काम करतात, आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, दोन्ही वेळा रक्ताला ताजी हवा मिळते. उडायला लागणारी ताकद त्यातूनच येते. हीच रचना धूर आणि वाफाही तितक्याच पटकन रक्तात नेते, आणि तेसुद्धा ८० ते १०० ग्रॅम वजनाच्या देहात. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी ठेवायचे, आणि ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. माणसाला काही जाणवायच्या आत पक्षी कोसळायचा, म्हणून. चुलीवर रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा हे त्याचं आजचं घरगुती रूप. त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षीसुद्धा काही मिनिटांत मरू शकतो. डास मारायची कॉइल, सुगंधी फवारे, परफ्यूम हे सगळं त्याच यादीत येतं. धुपाचा धूर इतका जलद मारत नाही, पण रोजचा धूर श्वासमार्ग रोज थोडा थोडा खराब करतो.

मी देवघरातला धूप बंद करा असं म्हटलेलं नाही, काका, आणि म्हणणारही नाही. माझ्याही घरात सांजवात होते. मी पक्ष्याला हलवा म्हणते. देवघर एका खोलीत असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत, दार लावलेलं, खिडकी उघडी. धूर विरल्यावर दार उघडा. घर एकाच खोलीचं असेल तर रोज निरांजन आणि फुलं, आणि धूप सणाला, तोही गॅलरीत. गणपतीचे दिवस सोडून द्यायचे कोणी सांगत नाही. त्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत जातो किंवा शेजाऱ्यांकडे पाहुणा जातो, इतकंच.

तुमच्या आजोबांच्या पोपटाला का काही झालं नाही, याचं उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे : वाडा. पिंजरा सोप्यात टांगलेला, समोर चौक, वर आभाळ. धूप फिरला तरी धूर उभ्या उभ्या निघून जायचा. आज तोच धूप आपण डासांसाठी खिडक्या लावून घेतलेल्या दोन खोल्यांत फिरवतो. शिवाय त्यांचा हिरवा पोपट आपल्या इकडचा होता आणि तुमचा कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, भुकटीवाला. इतर वाचकांसाठी इथेच सांगते, आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने, म्हणजे १९७२ च्या कायद्याने, गुन्हा आहे. पूर्वी सर्रास चालायचं, आता चालत नाही. कोणाकडे असेल तर त्याला एकदम उडवून देऊ नका, वनविभागाला कळवा. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला बाहेर चारा शोधता येत नाही.

शाम्पूबद्दल. बाळाचा शाम्पू बाळाच्या कातडीसाठी सौम्य असतो. पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक गाठ असते. चोचीने तिथलं तेल घेऊन तो एकेक पीस सारखं करतो, आणि भुकटी त्याच्या जोडीला असते. शाम्पू हे दोन्ही धुऊन नेतो. मग पिसं पाणी झटकत नाहीत, पक्षी जास्त वेळ ओला राहतो, कातडी कोरडी पडून खाजते, आणि काही पक्षी पिसं उपटायला लागतात. शिवाय उरलेला फेस तो चोचीने गिळतो. शाम्पूनंतर पक्षी चकाचक दिसतो तो पाण्यामुळे. नुसत्या पाण्याने तितकाच दिसेल, करून बघा.

नव्या फवाऱ्याच्या बाटलीत साधं कोमट पाणी भरा आणि पक्ष्याच्या डोक्यावरून, वरून पडणाऱ्या भुरभुर पावसासारखं येऊ द्या. तोंडावर नेम धरून मारू नका. आवडलं तर तो पंख पसरून उलटा लटकेल, नाही आवडलं तर फिस्कारेल. तेव्हा थांबा आणि दुसऱ्या दिवशी उथळ ताटलीत पाणी ठेवून बघा. काहींना ओली कोथिंबीर किंवा मेथीची जुडी टांगली की त्यात अंग घासायला आवडतं. आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळीच, म्हणजे अंधार पडायच्या आत मुळापर्यंत वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस दमट असतात, तेव्हा उघडीप बघूनच. हेअर ड्रायर नको, कारण काही ड्रायरच्या आतल्या भागांना नॉनस्टिकसारखाच लेप असतो. कडुनिंबाचं, हळदीचं पाणी वगैरेचीही गरज नाही. हळद सांगलीचं वैभव आहे, पण ती पिसांना नको.

‘नोकरी करणाऱ्यांना हे परवडतं का?’ असंही तुम्ही विचारलंत, आणि तो प्रश्न रास्त आहे. खर्च जवळजवळ शून्य आहे, वेळ सकाळी दहा मिनिटं. रद्दी वर्तमानपत्राचे थर एकावर एक घाला, रोज वरचा काढा. काढायच्या आधी त्यावर पाणी शिंपडा. वाळलेली विष्ठा कोरडी झाडली की तिची धूळ आपल्या नाकात जाते, आणि पोपटांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा श्वसनाचा आजार त्याच वाटेने येतो. घरात वयस्कर माणसं असतील तर हे जास्त जपा. वाट्या रोज घासायच्या. आठवड्यातून एकदा पिंजरा बाहेर नेऊन साबण-पाण्याने ब्रशने घासा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावा, स्वच्छ धुवा आणि खणखणीत उन्हात वाळवा. आपल्याकडे ऊन फुकट आहे. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही नाही, त्यातून विषारी वायू निघतो. तळाला भुसा, तूस घालू नका. ते ओलं झालं की खालून बुरशी धरतं आणि वरून दिसत नाही. २०१९ च्या पुरानंतर नदीकाठच्या घरांच्या भिंतींना जी बुरशी आली होती, तिचा वास सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. अशा भिंतीला टेकून पिंजरा ठेवू नका. राळं आणि बाजरीही पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडीथोडीच आणा.

खाण्याबद्दल एकच. नुसती डाळ आणि नुसते दाणे यांत अ जीवनसत्त्व कमी पडतं. मग नाकाची, घशाची आतली त्वचा कमकुवत होते आणि संसर्ग वारंवार होतात, म्हणजे वासाचं मूळ पुन्हा तिथेच. गाजर, पालक, मेथी, शेवग्याचा पाला रोज थोडा थोडा द्या. मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना ती तिखट लागतच नाही. तुम्ही तासगावच्या द्राक्षांचं विचारलंत. बागेत डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी किती फवारण्या होतात ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. म्हणून भरपूर पाण्यात धुऊन, एखादं, फोडून द्या, आणि उरलेला चोथा तासाभरात काढा.

त्या आंबूस वासाचं काय निघालं ते मात्र मला जरूर कळवा. आणि पिंजरा साफ करूनही दोन दिवसांत वास गेला नाही, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याला घेऊन थेट डॉक्टरकडे जा. जाताना आदल्या रात्रीचा तळाचा कागद घडी करून बरोबर न्या, त्यांना तो लागेल.