खुर्चीला खड्डा दिसेना

जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये मी गोदामातल्या स्वयंचलित गाड्यांना वाट शोधायला शिकवतो. फरशी गुळगुळीत, दिवे कायम चालू, मध्ये येणारा माणूससुद्धा पिवळं जाकीट घालून येतो. असे लाड झाले तर कुणीही वाट काढेल.

सांगलीच्या पुतणीनं घरच्या ग्रुपवर कॉलेजच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ टाकला. आपली आपण चालणारी व्हीलचेअर: भंगारातल्या वायपर मोटर, आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड, समोर प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे दोन अल्ट्रासोनिक सेन्सर. लगेच दोन तट पडले. एक म्हणे हेच भविष्य, दुसरा म्हणे आधी फुटपाथ करा. दुसऱ्या तटानं माझ्या डॉर्टमुंडचा दाखला दिला.

मे महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा खुर्ची अंगणात चालवून बघितली. भिंतीपाशी शहाण्यासारखी थांबली. वहिनीच्या वाळत घातलेल्या साडीत मात्र थेट घुसली. कापड ध्वनी गिळतं, प्रतिध्वनी येतच नाही. त्यावर सगळे हसले. फाटकाबाहेर गटारावरची फरशी फुटलेली, खाली वीतभर खड्डा. सेन्सरच्या मते रस्ता मोकळा. तो समोर बघत होता आणि समोर खरंच काही नव्हतं. महागडा लेझर स्कॅनर लावला तरी तो बहुधा एकाच उंचीवरची आडवी रेघ बघतो, खड्डा त्यालाही चुकतो.

आमच्या घरातले वडीलधारे अण्णा खुर्चीतून म्हणाले, "भिंत मला दिसते गं बाळ."

इथलं, डॉर्टमुंडचं, खरं सांगायचं तर चौकात फुटपाथ उतरते केलेत, बस थांब्यावर एका कुशीवर झुकते. पण माझ्या शेजारणीची खुर्ची साध्या जॉयस्टिकवरच चालते. पैसे आरोग्यविम्यानं दिले. जॉयस्टिक बिघडली तेव्हा तीन आठवडे ती घरात, कारण ठरलेल्या कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. सांगलीत रिक्षाचं वायरिंग करणाऱ्यानं ते काम संध्याकाळपर्यंत उरकलं असतं. तसा माणूस मला इथे आजवर सापडला नाही.

फुटपाथवाल्यांचं चूक नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली होती, ती केव्हाच उलटली. पण अण्णा 78 वर्षांचे आहेत, त्यांनी किती थांबायचं? म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वाट अण्णा ठरवतील, खुर्चीनं फक्त खाली बघावं आणि खड्ड्याआधी थांबावं. पुतणीला म्हटलं, 'ऑटोनॉमस', म्हणजे आपली आपण चालणारी, हा शब्द काढून टाक.

"मग मार्क कोण देणार, काका?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षकांना खुर्ची हॉलमध्ये फिरताना बघायची असते, आणि हॉलमध्ये गटार नसतं.

तरी तिनं पायटेकणीखाली लेझरचा एक छोटा अंतर मोजणारा सेन्सर तिरका लावला. भर उन्हात तो आंधळा होतो. अण्णा तसेही ऊन उतरल्यावरच बाहेर पडतात.