हायोशचं नाव घेऊन पोराला विहिरीत ढकलू नका

"हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशचे वडील डॅन्यूब नदीत बुडाले. तेरा वर्षांच्या पोराने ना कोच बघितला, ना सराव केला. थेट पाण्यात उडी घेतली आणि १८९६ च्या ऑलिंपिकमधून दोन सुवर्णपदकं आणली. शिक्षणाची गरजच पडली नाही. पोरांना पाण्यात ढकला, आपोआप पोहतील!"

हा मेसेज गेल्या पंधरवड्यात तिसऱ्यांदा आला. या वेळी आमच्या दाजींनी टाकला आणि खाली लिहिलं, "यंदा सुट्टीत चिन्याला असंच शिकवायचं." चिन्या माझा भाचा, सात वर्षांचा. म्हणून आता गप्प बसवत नाही.

वडील बुडाले, हे खरं. मुलगा तेव्हा तेराचा होता, हेही खरं. मूळचं आडनाव गुटमान. हायोश म्हणजे खलाशी, हे नाव त्याने नंतर घेतलं. एवढं मान्य.

पण सराव नव्हता? १८९५ मध्ये व्हिएन्नात १०० मीटरची युरोपीय शर्यत जिंकूनच तो पुढच्या वर्षी अथेन्सला गेला होता.

आता ते ढकलण्याचं. ११ एप्रिल १८९६. शर्यती तलावात नव्हत्या, पिरेयसजवळच्या झेआच्या खाडीत, उघड्या समुद्रात होत्या. पाणी सुमारे १३ अंश. १०० मीटर त्याने १ मिनिट २२.२ सेकंदांत मारले. गारठ्याचा अंदाज आला म्हणून १२०० मीटरआधी अंगभर चरबीचा जाड थर चोपडला. होड्यांनी सगळ्यांना आत समुद्रात नेऊन सोडलं, तिथून किनारा गाठायचा. तो पहिला आला, दुसऱ्याच्या अडीच मिनिटांहून जास्त आधी. आणि या शर्यतीबद्दल त्याने स्वतः काय सांगितलंय? जिंकायचं डोक्यातून पार गेलं होतं, फक्त जगायचं होतं. गारठून हात टेकलेल्यांना होड्या पाण्यातून उचलू लागल्या, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. दाजी, अठरा वर्षांचा, शिकलेला, जिंकलेला गडी होडी दिसेपर्यंत घाबरलेला होता. तुमच्या विहिरीत होडी कुठली?

सुवर्णपदकं म्हणाल तर त्या वर्षी पहिल्याला रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी मिळायची. सोनं नंतरच्या हिशोबात आलं.

शिक्षणाचं तर साफ खोटं. तो वास्तुशास्त्र शिकत होता, पुढे वास्तुविशारद झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलास्पर्धा असायच्या, तिथे देझ्यो लाउबरबरोबर स्टेडियमच्या आराखड्याला रौप्य मिळवलं. बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावरचा १९३० चा जलतरण तलाव त्यानेच उभारला. आज त्याला हायोशचंच नाव आहे. ज्याचा बाप नदीने नेला, त्याने पोरांना पोहायला बांधीव तलाव दिला. मेसेजमध्ये हे कुठेच नाही.

मला आजोबांनी विहिरीतच शिकवलं. पाठीला सुका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक महिनाभर त्यांच्या मुठीत. दाजी, रविवारी येतोय. चिन्याचा दोर मी धरतो.